नर्सबाईंची सायकल

आमच्या घरात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. पाहुण्यांना मी हे हसत सांगते, पण त्यात थोडी तक्रारही असते. माणसं आम्ही दोघंच. मुलगी नोकरीला पुण्यात. तिच्या खोलीत तिचं कपाट आहे, पलंग आहे, आणि पलंगाला टेकून तिच्या वडिलांच्या दोन सायकली उभ्या आहेत. जिन्याखाली एक, गॅलरीत एक. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जी आहे तिला चाकंच नाहीत. तिच्यावर मी पायपुसणी वाळत घालते.

मिस्टर साखर कारखान्यात केमिस्ट होते. गाळप हंगाम चालू असला की पाळ्यांमुळे दिवसरात्रीचा पत्ता नसायचा आणि हंगाम संपला की हातात वेळच वेळ. त्या रिकाम्या महिन्यांत त्यांना जुन्या सायकलींचा नाद लागला. कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला आणखी कशाचा. त्या मानाने तू सुटलीस, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

मी श्रीरामपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळपासून लोकांच्या दंडाला रबर बांधून शिरा शोधायच्या, रक्त घ्यायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. दुपारी घरी आले की मिस्टर मोबाईल घेऊन शेजारी बसायचे आणि परदेशातल्या कुठल्यातरी सायकलीच्या नळ्यांचे सांधे दाखवायचे. त्यांना हव्या असायच्या त्या डोंगरात चालवायच्या सायकली. आता दुकानात रांगेने लावलेल्या असतात तशा नव्हेत. तसल्या सायकली जगात पहिल्यांदा निघाल्या, म्हणजे आम्ही शाळा-कॉलेजात होतो, तेव्हाच्या. त्यातही अमेरिकेतल्या एका छोट्या वर्कशॉपमधली एक त्यांच्या मनात घर करून बसली होती. तिथे म्हणे दोघं-तिघं मिळून हाताने फ्रेम जोडायचे, सांध्यात पितळ ओतून इतकं घासायचे की नळी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. फार थोड्या बनवल्या आणि वर्कशॉप बंद झालं. "झाडाला फांदी फुटावी तशी नळीतून नळी फुटलीय बघ," असं ते म्हणायचे. मी मान डोलवायचे आणि कुकर लावायला उठायचे.

ही सायकल कधी डोळ्यांनी बघायला मिळेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. मग एका रविवारी त्यांच्या सायकलवाल्या मित्रांच्या ग्रुपवर एक फोटो आला. फोटो सायकलीचा नव्हता. मित्र भंडारदऱ्याला गेला होता, वाटेत राजूरला चहाला थांबला आणि कोणाच्यातरी ओट्यावर पिलांना घेऊन बसलेली कोंबडी त्याला आवडली म्हणून त्याने फोटो काढला. कोंबडीच्या मागे भिंतीला एक हिरवी सायकल टेकलेली होती. मिस्टरांनी तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा पुसला, परत पाहिला. मग मोबाईल माझ्या हातात दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हीच ती," ते म्हणाले. "राजूरला कशी आली असेल?"

मित्राने चहावाल्याला फोन लावून चौकशी केली. सायकल गावातल्या जुन्या नर्सबाईंची होती, आणि त्या ती विकणार होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी काढली. मी जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. त्या बाजूला पावसाळ्यानंतर सगळं हिरवंगार असतं आणि मी जन्मले पाथर्डी तालुक्यात, जिथे हिरवं बघायला बाभळीकडे बघावं लागायचं. म्हणून मला तिकडे जायला कधीही आवडतं. शिवाय अजून एक सायकल घरात आली तर ती कुठे ठेवायची यावर बोलायला माणूस बरोबर असलेला बरा, असाही विचार होता. संगमनेर गेलं, अकोले गेलं, घाट लागला. परीक्षेचा निकाल बघायला निघालेल्या मुलासारखं मिस्टरांचं तोंड झालं होतं.

नर्सबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. ठेंगण्या, अंगाने सुकलेल्या, पण पाठ ताठ. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"या. माझ्याकडे दोनच प्रकारची माणसं येतात," त्या म्हणाल्या. "दुखणं घेऊन येतात ती, नाहीतर सायकल बघायला येतात ती. तुम्ही दोघं तर धडधाकट दिसता."

बोलता बोलता कळलं की त्या मूळच्या आमच्याच श्रीरामपूरच्या. रेल्वे लाईनच्या पलीकडे त्यांचे आईवडील राहायचे, चर्चच्या शाळेत त्या शिकल्या. नर्सिंग झालं आणि इकडे डोंगरात एक आरोग्याचं काम सुरू झालं होतं तिथे लागल्या. चार-सहा महिने बघू म्हणून आल्या त्या इथल्याच झाल्या. तेव्हा एक परदेशी डॉक्टरीण त्या कामावर होती. सायकल तिची. बोटीने सामान आलं त्यात ही आली.

"आम्हाला वाटलं, एवढी शिकलेली बाई, हिला जीप मिळत नाही का," नर्सबाई म्हणाल्या. "पण वाड्यांवर जीप जायची कुठे? ही बाई मात्र दगडधोंड्यांतून तिच्यावर बसून जायची. मी मागून चालत. मग एकदा मलाच म्हणाली, तू शिक. जाताना मला देऊन गेली. म्हणाली, तुझे पाय माझ्याएवढे आहेत, ही दुसऱ्या कोणाला बसायची नाही."

त्यानंतर पुष्कळ वर्षं नर्सबाई त्या सायकलवरून फिरल्या. मागे कॅरिअरला लशीचा बर्फाचा डबा बांधलेला, पुढे पिशवीत गोळ्या. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. आता गुडघे गेले होते. "उभी राहून राहून हिचे टायर चिरले," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत गंजत जाते, ते बघवत नाही."

मिस्टर तोवर सायकलीसमोर उकिडवे बसले होते. सांध्यावरून अंगठा फिरवत होते, हळूच, मी रुग्णाच्या हाताची शीर चाचपते तसा. हँडलवरचे गिअरचे दांडे त्यांनी मागेपुढे केले. मग उठून नर्सबाईंच्या समोर आले आणि त्यांनी जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. नर्सबाईंनी सांगितलेली किंमत त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "बाई, मला ही हवी आहे. पण तुम्ही सांगता त्यापेक्षा हिची किंमत पुष्कळ जास्त आहे. हे तुम्हाला माहीत नसताना मी घेतली तर मला झोप लागायची नाही."

नर्सबाई हसल्या. "माहीत आहे. पुण्याचा एक माणूस येऊन गेला. हॉटेल आहे त्याचं. खूप देत होता. म्हटलं, काय करणार? म्हणाला, भिंतीवर लावणार, वर दिवे सोडणार. टांगायचीच असती तर मीच टांगली असती. खुंटी काय माझ्याकडे नाही?" मग मिस्टरांकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तुम्ही चालवाल. ते दिसतंय. पण आधी बसून तर बघा."

मिस्टरांनी बरोबर आणलेला पंप काढून हवा भरली. चिरलेल्या टायरांनी ती कशीबशी धरली. सायकल अंगणात घेऊन ते तिच्यावर बसले आणि मला कळलं की काहीतरी चुकतंय. ते सहा फुटांना थोडेसेच कमी. पायडल मारताना गुडघे हँडलला लागत होते. सीट वर करून पाहिली, दांडा संपेपर्यंत वर केली, तरी ते सर्कशीतल्या अस्वलासारखे दिसत होते. एक फेरी मारून ते उतरले. सीट होती त्या उंचीवर परत आणली, तिचा बोल्ट नीट आवळला, आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवली. इतक्या वर्षांचा शोध अंगणातल्या एका फेरीत संपला होता.

तेवढ्यात नर्सबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बसा बघू."

"मी? मला काय करायचंय?"

"येते ना चालवता?"

येत होती. म्हणजे शाळेत असताना येत होती. वडिलांनी आणलेल्या काळ्या, उंच, पुरुषी सायकलच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत मी शिकले होते आणि पुढे त्याच सायकलवरून हायस्कूलला जात होते. लग्नानंतर सायकल सुटली. घरात एवढ्या सायकली, पण सगळ्या मिस्टरांच्या उंचीच्या. त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही आणि मीही कधी मागितली नाही.

मी ओढणी कमरेला खोचली आणि बसले. पाय जमिनीला टेकले. हात हँडलवर आपोआप गेले, कुठे वाकावं लागलं नाही, कुठे ताणावं लागलं नाही. पहिल्या पायडलला चाक वेडंवाकडं गेलं आणि नर्सबाईंच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. मग सायकल सरळ झाली. अंगणातून बाहेर, गल्लीतून खाली, शाळेच्या भिंतीपर्यंत गेले. तिथे वळायचं म्हणून वळले. परत येताना चढ होता. मिस्टर मागून ओरडले, "डावीकडचा दांडा ओढ." मी ओढला आणि चढ एकदम हलका झाला. आयुष्यात मी असं काही अनुभवलं नव्हतं. आमच्या काळ्या सायकलला गिअर नव्हते. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं, एवढंच मला माहीत होतं.

अंगणात येऊन उतरले तेव्हा धाप लागली होती. नर्सबाई म्हणाल्या, "झालं तर. ही तुमची."

मी नको म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता. नर्सबाईंनी आग्रह केला नाही. "घाई नाही," एवढंच बोलल्या आणि जाताना आम्हाला त्या भागातला तांदूळ बांधून दिला.

परतीच्या वाटेवर अकोल्याला चहाला थांबलो. मिस्टर बशीत चहा ओतून घेत म्हणाले, "घे की तू."

"तुम्ही एवढी वर्षं शोधत होता आणि मी घेऊ?"

"मला वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण ती माझी नव्हतीच. नर्सबाई म्हणाल्या तेच खरं, ती सायकल एका उंचीच्या माणसासाठीच केलेली आहे. तू शाळेपाशी वळलीस ना, तेव्हा मी बघत होतो."

"काय बघत होता?"

"सायकल कशी चालते ते. इतकी वर्षं फोटोच बघितले होते."

मी विषय बदलला. पण मनातून तो जात नव्हता. माझी भीती साधी होती. पन्नाशी उलटलेली बाई श्रीरामपूरच्या रस्त्यावर सायकल चालवत निघाली तर ओळखीची माणसं काय म्हणतील? आणि माझ्या ओळखीची माणसं म्हणजे अर्धं गाव, कारण अर्ध्या गावाचं रक्त मी काढलेलं आहे. पडले, हात मोडला तर लॅबमध्ये काय करू? आणि सगळ्यात खाली, कोणाला न सांगण्यासारखी एक गोष्ट होती. मिस्टरांच्या हातून निसटलेली वस्तू रोज त्यांच्या डोळ्यांसमोर वापरायची, हे मला जड वाटत होतं.

दिवस गेले. मिस्टरांनी पुन्हा विचारलं नाही. मी दुपारी कधीतरी मुलीच्या खोलीत जाऊन त्या उंच सायकलींच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहायचे. एकदा चढून बसायचा प्रयत्न केला, तर पाय लटकले.

मग एकदा आईला फोन केला होता. आई पाथर्डीच्या जवळ गावाकडेच असते, भावाजवळ. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते पाथर्डी ते गाव अशी जीप चालवायचे. जीप माणसांनी इतकी भरायची की शाळेच्या पोरांना जागा मिळायची नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी जुनी सायकल आणली, एवढंच मला माहीत होतं. बोलण्याच्या ओघात मी आईला राजूरची हकीकत सांगितली.

"मंग घे की," आई म्हणाली. "मला कशाला इचारती?"

"लोक काय म्हणतील गं या वयात?"

"लोकं तवाबी म्हनलीच हुती."

"तेव्हा म्हणजे?"

"तू साळंत जायचीस तवा. तुझ्या आत्याच्या सासरच्यांनी तर सांगावा धाडला हुता. पोरीला सायकलीवर काय बसवता, हिचं लगीन जमायचं न्हाई. पंचायतीपुढं पारावर लई बोलनं झालं. तुझे दादा म्हनले, न्हाई जमलं तर सायकल हाये की तिच्याकडं, जाईल कुटं जायचं तिकडं."

मी हातातला फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे मला कधीच सांगितलं नाहीस."

"सांगून काय करायचं? तुला कळलं असतं तर तू गेली असतीस व्हय साळंत? तू लई भित्री. दादा म्हनले, तिला काय सांगू नको, तिला जाऊं दे. आमी दोघं ऐकून घेत हुतो, तू आपली घंटी वाजवत जायचीस."

त्या वयात मला वाटायचं, गावात सगळे माझं कौतुकच करतात. पारावर बसलेली माणसं माझ्याकडे बघायची, ते मी सायकल चालवते म्हणून, असं समजून मी आणखी जोरात घंटी वाजवायचे. माझ्यासोबतच्या मुलींची सातवी-आठवीत शाळा सुटली. मी बारावी झाले, लॅबचा कोर्स केला, पायावर उभी राहिले. मला वाटायचं हे मी हुशार होते म्हणून झालं. दोन माणसं रोज संध्याकाळी लोकांची बोलणी खात होती आणि घरी आल्यावर मला विचारत होती, आज काय शिकवलं गं. वडिलांना आता काही सांगता येणार नव्हतं. आईला म्हणाले, "आई, तुमचे फार उपकार आहेत." आई म्हणाली, "उपकार कसले, पोटची पोर तू," आणि मग भावाच्या म्हशीचं सांगायला लागली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसून रडले. ते दुःखाचं रडणं नव्हतं.

संध्याकाळी मिस्टर जिन्याखाली चेनला तेल देत होते. मी म्हटलं, "या रविवारी राजूरला जायचं का?"

"फिरायला?"

"सायकल आणायला. मला हवी आहे."

त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि मुलीच्या खोलीत गेले. कपाटामागून एक पुडकं ओढून बाहेर आणलं. उघडून बघितलं तर नवीन टायर होते, तिच्याच मापाचे.

"हे कधी आणलेत?"

"राजूरहून आल्यावर."

"मी घेणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. पण टायर लागणारच होते. कोणीही घेतली असती तरी." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मागवायला तर काही हरकत नव्हती ना."

रविवारी निघणं जमलं नाही, म्हणून मी सोमवारी रजा काढली, आणि तो राजूरच्या बाजाराचा दिवस निघाला. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं आलेली, गाडी लांबच लावावी लागली. मिस्टरांनी ओट्यावर बसून टायर बदलले, ब्रेकची रबरं घातली. नर्सबाई खुर्चीवर बसून बघत होत्या, मधूनमधून सांगत होत्या. पुढचा गिअर कधी कधी अडकतो, तेव्हा पाय हलका करायचा. ओल्यात डावा ब्रेक आधी धरायचा नाही. हँडलच्या उजव्या टोकाला रबर झिजलंय, तिथे माझा अंगठा असायचा. काम झाल्यावर त्यांनी आधी सांगितले होते तेवढेच पैसे घेतले, जास्त घ्यायला तयार झाल्या नाहीत. मग त्या उठल्या, सीटवर हात ठेवला, डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना करत होत्या. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. डोळे उघडून त्या मला म्हणाल्या, "चालवणं थांबलं तर परत आणून द्या. टांगू मात्र नका."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी धरून वर उचललं. "जा आता. अंधार व्हायच्या आत घाट उतरा."

मी बाजारातून सायकल हातात धरून चालले होते, कारण गर्दीत बसून जाणं शक्य नव्हतं. थोडं अंतर गेले नाही तोच वाल-घेवड्याच्या ढिगामागून एक बाई उठली. माझ्यापेक्षा लहान, चाळिशीची.

"ही नर्सबाईची सायकल ना?"

मी हो म्हटलं.

"कुटं नेताय? बाईला काय झालं?"

"बाई बऱ्या आहेत. त्यांनी मला दिली."

तिने जवळ येऊन कॅरिअरला हात लावला. "आमी पोरं हिला बघून झाडावर चढायचो," ती म्हणाली. "लांबून हिरवं दिसलं का वरडायचं, सुई आली, सुई आली. मी तर एकदा कणगीत जाऊन बसले हुते. बाईनं हुडकून काढलं अन् तिथंच टोचलं." ती हसायला लागली, शेजारच्या दोन बायका हसायला लागल्या. मग त्यांतल्या एका म्हातारीने सांगितलं की भर पावसात तिची सून अडली होती तेव्हा नर्सबाई हीच सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यातून आल्या होत्या. तेव्हा जन्मलेला नातू आता नाशिकला कामाला आहे. म्हातारीने हे असं सांगितलं की जणू कालच झालं. वालाच्या बाईने माझ्या पिशवीत शेंगांचे दोन ओंजळभर वाटे टाकले आणि पैसे घेतले नाहीत.

बाजार संपेपर्यंत मला तीन-चार वेळा थांबावं लागलं. मिस्टर मागून पंप आणि हत्यारांची पिशवी घेऊन येत होते. ते म्हणाले, "माझ्याकडे हिची सगळी माहिती होती. नळ्या कुठल्या, रंग कुठला, कोणत्या साली कोणता ब्रेक. यातलं काहीच माहीत नव्हतं." हे ते खंतावून नाही, आनंदाने म्हणाले.

गावाबाहेर मी सायकलवर बसले. मिस्टर गाडी घेऊन मागे. घाट उतरताना हात दुखेपर्यंत ब्रेक धरले, एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा उतरून कडेला उभी राहिले. ड्रायव्हरने हात केला, मीही केला. अकोल्याच्या अलीकडे पाय थरथरायला लागले, तेव्हा सायकल गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घातली.

आता आम्ही सकाळी कॅनॉलच्या कडेने जातो. ते त्यांच्या उंच सायकलवर, मी माझ्या. ओळखीची माणसं भेटतात. पहिल्या आठवड्यात काहींनी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का? नंतर कोणी विचारेनासं झालं. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या दोघी-तिघींनी सुई टोचताना वेळ जावा म्हणून सायकलचा विषय काढला आणि त्यातली एक आता कधी कधी आमच्याबरोबर येते, मुलाची सायकल घेऊन. नर्सबाईंचा फोन येतो. कुठवर गेलात, विचारतात. मी गावांची नावं सांगते. त्यांच्या ओळखीचं गाव आलं की त्या थांबवून तिथल्या कोणाचं तरी काही सांगतात.

या वर्षी ऊसतोड सुरू झाली तेव्हाची गोष्ट. कॅनॉलच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालू झाल्या होत्या आणि कडेला ताजा मुरूम टाकलेला होता. मागून ट्रॅक्टर आला म्हणून मी कडेला घेतली, पुढचं चाक मुरमात रुतलं आणि मी सायकलसकट आडवी झाले. गुडघा फुटला. सायकल घसटत पुढे जाऊन मैलाच्या दगडावर आपटली.

मिस्टर पुढे होते. आवाज ऐकून परत आले, त्यांची सायकल तशीच रस्त्यात टाकली आणि माझ्यापाशी बसले. बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला, खडे बोटाने काढले, पाय वाकवून बघितला. "हाड दुखतंय का? इथे दुखतंय? उभं राहता येईल?" असं विचारत राहिले. रुमाल काढून बांधला. मला माहीत होतं, त्यांच्या पाठीमागे तीन पावलांवर जगात फार थोड्या उरलेल्या सायकलींपैकी एक मुरमात पडलेली आहे. तिचा रंग मूळचा आहे, तो पुन्हा मिळणार नाही, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "बघा आता तिला."

ते उठले. सायकल उभी केली, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ तिच्यावर वाकून उभे राहिले. नळीवर एका जागी बोट फिरवत होते.

"खूप खरचटली का?"

"तुझ्याइतकीच."

"चालेल?"

त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं. ते सरळ फिरत होतं.

"चालेल," ते म्हणाले. "तू चालशील का?"

मी उठले. गुडघा ठणकत होता, पण वाकत होता. उसाची आणखी एक ट्रॉली गेली, ती जाऊ दिली आणि आम्ही बेलापूरच्या दिशेने निघालो. ऊन अजून कोवळं होतं.